वर्धा, ओखला आणि चित्रकलेचा तास

महाराष्ट्रात शाळेचे नवे वर्ष पावसाचे बोट धरून येते. दिल्लीत ते १ एप्रिलला सुरू होते. होळीचे रंग नुकतेच धुतलेले असतात, सावरीची फुले गळून गेलेली असतात, आणि वर्गाची घडी जेमतेम बसते तोच मेच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळ्याची सुटी लागते. जुलैमध्ये शाळा पुन्हा भरते. प्राथमिक वर्गांना चित्रकला शिकवणाऱ्याच्या वाट्याला त्यामुळे एका वर्षाचे दोन आरंभ येतात. आपल्या शाळेतून बाहेर पडल्यावर मी बरीच वर्षे दिल्ली परिसरात हेच काम करीत आले आहे. हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा केवळ आठवणी न लिहिता लहान मुलांच्या चित्रकलेचा तास आपल्याकडे कोठून आला आणि दिल्लीत त्याचे पुढे काय झाले, हे मांडावे असे वाटले. या इतिहासाचे एक टोक दिल्लीत असले, तरी दुसरे आपल्या वर्ध्याला आहे.

आरंभ मात्र मुंबईत झाला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच पुढे जे. जे. म्हणून नावारूपाला आली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धत तेथे आली. आधी रेषा, मग भूमितीचे आकार, मग समोरच्या नमुन्याची बिनचूक नक्कल असा तिचा क्रम होता. कारागिराचा हात आणि डोळा तयार करणे हा तिचा उघड हेतू होता. बालमनाचा विचार त्यात नव्हता आणि तसा दावाही कोणी केला नव्हता. शाळांमधला ‘ड्रॉइंग’ हा विषय याच मुशीतून निघाला. ग्रेड परीक्षाही त्याच परंपरेतल्या. आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे शब्द ऐकताच रबराने खरवडलेल्या कागदाचा वास कोणाला आठवणार नाही? १९६५ मध्ये राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय झाले आणि या परीक्षांची व्यवस्था त्याच्याकडे राहिली. या परीक्षांची थट्टा करण्याची अलीकडे रीत पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते. तांब्याची कड वर्तुळ नसून लंबवर्तुळ दिसते, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पटवून देणारा दुसरा विषय शाळेत नव्हता. प्रश्न परीक्षेचा नाही. तिची शिस्त सहा वर्षांच्या मुलापर्यंत खाली उतरली, हा आहे. फळ्यावर गुरुजींनी आंबा काढायचा आणि पन्नास पाट्यांवर तोच आंबा उमटायचा, हा त्या उतरंडीचा शेवट होता.

या रूढीला पहिला मोठा वळसा १९३७ मध्ये मिळाला. त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन. समितीत विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते, किशोरलाल मश्रूवाला होते. डिसेंबरमध्ये अहवाल तयार झाला. त्यातील मूलोद्योगाच्या कल्पनेवर, विशेषतः सूतकताईवर, देशभर इतका वाद झाला की अभ्यासक्रमात मातृभाषा, गणित आणि संगीत यांच्याबरोबरीने चित्रकलाही बसवली होती, हे कोणाच्या फारसे ध्यानात राहिले नाही. आकार आणि रंग पारखणारी नजर, आकारांची स्मृती, निसर्गातील व कलेतील सौंदर्याची जाण अशी उद्दिष्टे तिच्यापुढे ठेवलेली होती. म्हणजे चित्रकला हा फावल्या वेळेचा विषय नाही, सात वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा तो भाग आहे, असे प्रतिपादन करणारा हा दस्तऐवज वर्ध्यात आकाराला आला आणि त्यावर दिल्लीच्या एका शिक्षकाची सही होती.

झाकिर हुसेन ज्या शाळेतून आले, तिच्याबद्दलही सांगायला हवे. जामिया १९२५ मध्ये अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत आली. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याला यमुनेकाठच्या नव्या जागेची कोनशिला बसवायची होती. मोठमोठे पुढारी हजर असताना ती बसवली शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने. पैशाची सतत ओढाताण असलेल्या संस्थेने हा मान कोणा धनिकाला दिला असता, तर तिला कोणी दोष दिला नसता. गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू बाई १९३०च्या दशकात येथे आल्या आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत लहान मुलांमध्येच रमल्या. मुले त्यांना आपाजान म्हणत. ओखल्याची वस्ती आता इतकी दाट झाली आहे की ती माळरानाची शाळा डोळ्यांपुढे आणणे कठीण जाते.

वर्ध्याच्या कागदावरील उद्दिष्टांना वर्गात उतरवणारा माणूस सेवाग्रामला १९४४ मध्ये आला. देवी प्रसाद हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले. १९६२ पर्यंत ते सेवाग्रामच्या नई तालीममध्ये कला शिकवत राहिले. लहान मूल दिसते ते काढत नाही, त्याला ठाऊक असते ते काढते. म्हणून घराच्या भिंतीतून आतली आई दिसते, आकाश कागदाच्या वरच्या कडेला निळ्या पट्टीसारखे राहते, आणि आजोबांचा हात काठीपर्यंत पोचायला हवा म्हणून लांबतो. या ‘चुका’ नसून वाढीच्या पायऱ्या आहेत, ही समजूत युरोपात व्हिएन्नाच्या फ्रान्झ सिझेक यांच्या वर्गातून पसरली होती. देवी प्रसादांनी ती सेवाग्रामच्या खेड्यातल्या मुलांबरोबर अनुभवली आणि हिंदी-इंग्रजीत त्यावर पुस्तके लिहिली. पुढे लंडनमध्ये युद्धविरोधी चळवळीचे काम करून ते भारतात परतले आणि दिल्लीत कुंभारकाम करीत राहिले. २०१० मध्ये दिल्लीच्या ललित कला अकादमीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी ते गेले.

दिल्लीने दरम्यान आपली वेगळी वाट काढली होती. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली, आणि लवकरच ती देशोदेशींच्या मुलांना खुली झाली. १९५६ मध्ये बालभवन आणि १९५७ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आले. मुलाचे चित्र मोठ्यांनी भिंतीवर टांगून पाहण्यासारखे असते, ही गोष्ट राजधानीने देशाला शिकवली. परंतु स्पर्धेबरोबर बक्षीसही आले. आज दिल्लीत अशी सोसायटी विरळाच, जिच्यात रविवारी चित्रस्पर्धा नसते, आणि अशी स्पर्धा त्याहून विरळा, जिच्यात एखादे आई-बाबा वाकून ‘जरा आकाश गडद कर’ असे कुजबुजत नाहीत. पालकांना माझे सांगणे रागाचे नाही. पण त्या क्षणी मुलाच्या हातातला खडू थांबतो, तो मी पाहिला आहे.

कायद्याने यात काय केले, तेही पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तर, कलेचा अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. पहिली ते पाचवीसाठी तसा उल्लेख नाही. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत निर्भयपणे चित्र काढते, त्या वयासाठी चित्रकलेचा शिक्षक असावाच असे बंधन नाही. महाराष्ट्रात बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ने आणि अलीकडे २०२४ मध्ये एनसीईआरटीने तिसरीसाठी काढलेल्या ‘बाँसुरी’ या कलांच्या पुस्तकाने ही उणीव थोडी भरली. पुस्तक उत्तम आहे. ते उघडणारा शिक्षक बहुतेक ठिकाणी गणिताचा उरलेला तासही त्याच वेळेत संपवीत असतो.

एवढ्या इतिहासाचे ओझे घेऊन एप्रिलच्या पहिल्या तासाला वर्गात जावे, तर दुसरीतली मुले आधीच सांगतात, ‘मॅम, मुझे ड्रॉइंग नहीं आती.’ सात वर्षांच्या वयात हे त्यांना कोणी सांगितले, याचा शोध मी घेत बसत नाही. कोरा कागद आणि तैलखडू देते, विषय देत नाही. अर्ध्याअधिक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी येते. नोएडाच्या विसाव्या मजल्यावर राहणारी मुलेही तीच झोपडी काढतात. तो कागद मी टाकून देत नाही. दुसऱ्या तासाला शाळेकडे येण्याचा रस्ता विचारते. कोपऱ्यावरचा भटुरेवाला, मेट्रोचा उंच खांब, गेटवरचे भैया आणि गल्लीतला तीन पायांचा कुत्रा हळूहळू कागदावर येतात. त्या दिवशी कोणी ‘नहीं आती’ म्हणत नाही.

दोन्ही चित्रे मी कपाटात ठेवते आणि सुटीनंतर, वर्षाच्या दुसऱ्या आरंभाला, बाकावर पसरून ‘आपापले उचला’ म्हणते. रस्त्याचे चित्र प्रत्येक जण धावत येऊन उचलतो. तीन पायांच्या कुत्र्यावरून भांडण होत नाही. डोंगर-सूर्याच्या चित्रांपाशी मात्र मुले थबकतात, एक उचलतात, ठेवतात, दुसरे उचलतात. कागदाच्या मागे मी पेन्सिलीने नावे लिहिलेली असतात, म्हणून ती चित्रे तेवढी मला वाटता येतात.