आवाजाची वाट आणि मजुरीची वाट

ध्वनिमुद्रणाचा इतिहास सांगणारे बहुधा गायकांची नावे सांगतात, नाही तर यंत्रांची. आम्हां संघटनेच्या माणसांना तिसराच प्रश्न पडतो : वाजविणाऱ्याचे काय झाले?

पूर्वी साथीदार हजर असल्याखेरीज मैफल होत नसे. तबकडी आली आणि एका दिवसाची मेहनत वर्षानुवर्षे वाजू लागली. मजुरी मात्र एकाच दिवसाची. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रण बंद पाडले. युद्धाचे दिवस, टीकेची झोड उठली. पण वादक हटले नाहीत. डेक्का कंपनी १९४३ साली नमली, कोलंबिया व व्हिक्टर नोव्हेंबर १९४४ मध्ये. विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत पडू लागली व तीतून बेकार वादकांना काम मिळू लागले.

त्या काळी मुद्रणाचे यंत्र मालकाच्या घरी होते. ते वादकाच्या घरी कसे आले? १९५७ साली बेल प्रयोगशाळेच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सतरा सेकंदांचे संगीत करवून घेतले. संगणक न्यूयॉर्कला, त्याने चुंबकीय फितीवर नुसते आकडे लिहिले. फीत न्यू जर्सीच्या प्रयोगशाळेत नेली, तेव्हा कुठे आवाज निघाला. संगणकाला स्वतःचे तोंड नाही, हा त्यातला धडा.

तो आजही खरा आहे. घरच्या संगणकावर संगीताचे सॉफ्टवेअर उघडले, की आवाज कोणत्या यंत्रातून बाहेर काढायचा आणि मायक्रोफोन कोठून आत घ्यायचा, हे आधी सांगावे लागते. नाही तर पडद्यावर पट्ट्या हलतात आणि हेडफोन मुका राहतो. दुसरी गोष्ट बफरची. आवाजाचे नमुने साठवून गठ्ठ्याने पुढे धाडतात, तो गठ्ठा म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर २५६ नमुन्यांच्या गठ्ठ्याला सुमारे ६ सहस्रांश सेकंद लागतात, १,०२४ च्या गठ्ठ्याला सुमारे २३. मुद्रण करताना गठ्ठा लहान ठेवावा, म्हणजे वाजविणाऱ्याला आपलाच सूर मागाहून ऐकू येत नाही; फार लहान केला तर यंत्राला दम लागून आवाज तडतडतो. मिश्रणाच्या वेळी मोठा चालतो. १९९७ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने एसिओ ही पद्धत आणली व विंडोजच्या मधल्या थरांना वगळून सॉफ्टवेअरची ध्वनियंत्राशी थेट गाठ घालून दिली. मधले दलाल गेले, माल लवकर पोचू लागला.

आवाजाची वाट अशी सरळ झाली. मजुरीची झाली काय? आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताला व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण हक्क मागायला पुरावा लागतो आणि सोबत लागते. १९४२ चे वादक एकाच स्टुडिओत भेटत, म्हणून एकदम थांबू शकले. आजचा वादक आपल्या खोलीत एकटा वाजवितो, फाइल धाडतो. तिथे हजेरीपट नाही, शेजारी सहकारी नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. ज्या बैठकीला इनपुट-आउटपुट जुळवाल, त्याच बैठकीला कोणी काय वाजविले, कोणत्या तारखेला, कोणत्या करारावर, हेही लिहून ठेवा. आणि तो कागद घेऊन एकमेकांना भेटत जा.