खाल्ल्या मिठाला जागायचं, पण कोणाच्या?

मुंबई-गोवा महामार्गावर आमच्या वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. सुट्टीच्या दिवशी इथे गाड्या खोळंबतात. तेवढ्या वेळात वाचून होईल अशी ही मिठाची गोष्ट.

बोस्टनची चहापार्टी आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. १७६५ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींवर मुद्रांक कर लादला. लोक खवळले आणि वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. १७७३ मध्ये चहाच्या पेट्या समुद्रात पडल्या, १७७५ मध्ये बंदुका निघाल्या. अर्जापासून युद्धापर्यंत दहा वर्षं. मग आपल्याकडे मिठाच्या करावरून देश पेटायला जवळजवळ शंभर वर्षं का लागली?

आपले लोक गप्प होते असं मुळीच नाही. १८३७ मध्ये मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे कर बसला. मण म्हणजे साधारण ३७ किलो. १८४४ मध्ये तो एकदम रुपया झाला, तेव्हा सुरतेत दंगल उसळली आणि सरकार बारा आण्यांवर आलं. पण माघार तात्पुरती होती. १८७८ पर्यंत कर अडीच रुपयांवर गेला.

कराइतकाच जाचक होता कायदा. पेण-उरणच्या खाडीकाठी निसर्गच अर्धं काम करतो. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. १८८२ च्या कायद्याने परवान्याशिवाय मीठ बनवणं गुन्हा ठरलं. खाजणात आपोआप धरलेलं मीठ उचललं तरी गुन्हाच. समुद्र दारात आणि मीठ सरकारचं!

अमेरिकेतल्या वसाहतींकडे स्वतःच्या निवडलेल्या विधानसभा होत्या, त्यामुळे कर कोणी लावायचा हे भांडण तिथे लगेच उभं राहिलं. मिठागरात राबणाऱ्या आगरी माणसाला असं कुठलं व्यासपीठ होतं? त्याच्या वतीने बोलले ते गोखल्यांसारखे नेते. १९०२ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात गोखल्यांनी सरकारी शिलकीवर बोट ठेवून मिठाचा कर कमी करायला सांगितलं. १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरला. सनदशीर मार्गाने काहीतरी मिळतं, असं वाटण्याजोगं हे यश होतं.

तो भरवसा १९२३ ने मोडला. सव्वा रुपयाचा कर दुप्पट करायला मध्यवर्ती कायदेमंडळाने नकार दिला, तरी व्हाइसरॉय रीडिंग यांनी खास अधिकार वापरून वाढ लागू केली. पुढच्या वर्षी कर पुन्हा खाली आला खरा. पण प्रतिनिधी निवडता येतात, त्यांचं ‘नाही’ मात्र मोजलं जात नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या मते गोष्ट फिरली ती इथे. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा कर सव्वा रुपयाच होता. प्रश्न आकड्याचा उरला नव्हता.

मे महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. मग पाऊस आला. पावसात मीठ पिकत नाही, म्हणून महाराष्ट्रातली चळवळ जंगलाकडे वळली. कुलाबा जिल्ह्यात तर ही जुनी जखम होती. भाताच्या राबासाठी टहाळ तोडायची, गुरं चारायची, तर जंगलखात्याची आडकाठी. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर शेतकरी आणि आदिवासी जमले. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. मामलेदार जोशीही त्या दिवशी मारले गेले.

मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरच्यापुरतं मीठ घेण्याची मुभा मिळाली. कर कायम राहिला. तो गेला १९४७ मध्ये, हंगामी सरकारच्या काळात.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण म्हणतो. इंग्रज सरकारलाही रयतेकडून तीच अपेक्षा होती. पण मीठ पिकवत होता आगरी आणि त्यावर कर भरत होता कातकरी. मग मिठाला जागायचं कोणी?