नव्वद टक्के

मागच्या आठवड्यात व्हीएस कोडमध्ये एक स्निपेट लिहीत बसलो होतो. म्हणजे दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबला की अख्खा साचा उमटतो ना, तेच. नव्या फाइलच्या डोक्यावर त्या फाइलचं नाव आपोआप यावं एवढीच माफक अपेक्षा. मदतीचं पान उघडलं तर त्यासाठीच्या व्हेरिएबलचं नाव निघालं टीएम_फाइलनेम. निवडलेला मजकूर हवा असेल तर टीएम_सिलेक्टेड_टेक्स्ट. (देवनागरीत अंडरस्कोर विचित्र दिसतो, पण चालवून घ्या.)

आता मायक्रोसॉफ्टच्या एडिटरमध्ये हा 'टीएम' कोण? आधी वाटलं ट्रेडमार्क. टीममधल्या एका सीनियरला विचारलं तर तो हसायलाच लागला. "अरे, टेक्स्टमेट! तुम्हा पोरांना माहीत नसणार." मग कॉफी घेता घेता म्हणाला, "२००८-०९ला मी दर पंधरा दिवसांनी जाऊन बघायचो, नवीन व्हर्जन आलं का. नाही आलं. मग कधीतरी बघायचं बंद केलं."

हे 'कधीतरी बघायचं बंद केलं' माझ्या डोक्यात बसलं. का बसलं ते शेवटी सांगतो. शनिवार-रविवार मात्र त्यातच गेला.

तर मंडळी, गोष्ट २००४ची. मॅकवर प्रोग्रामिंग करायचं तर तेव्हा बीबीएडिट हे खानदानी नाव. चांगलं होतं, पण दहा-बारा वर्षं तेच राज्य करत होतं. अशात ५ ऑक्टोबर २००४ला ॲलन ओडगार्ड नावाच्या एका डॅनिश माणसाने टेक्स्टमेट १.० आणलं. एकट्याने, पाच महिन्यांत लिहून. त्यात काय नव्हतं हे वाचून मजा वाटते. प्रेफरन्सेसची खिडकी नव्हती, टूलबार नव्हता, प्रिंट करायची सोय नव्हती. तरी लोकांनी ते पैसे देऊन घेतलं.

त्याच वर्षी दुसऱ्या एका डॅनिश माणसाने, डेव्हिड हायनमायर हॅन्सनने, रूबी ऑन रेल्स जगापुढे मांडलं होतं. २००५मध्ये त्याने पंधरा मिनिटांत ब्लॉग कसा बांधायचा याचा व्हिडिओ केला. तो पाहणाऱ्यांनी रेल्स पाहिलंच, शिवाय ज्या खिडकीत तो भराभर टाइप करत होता तीही पाहिली. ती खिडकी टेक्स्टमेटची. यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊन मिळाली नसती. ६ जानेवारी २००६ला १.५ आलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलने सर्वोत्तम डेव्हलपर टूल म्हणून त्याला डिझाइन पुरस्कार दिला.

पण त्यात एवढं होतं काय? इथे जरा थांबतो, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

एडिटरला प्रोग्रामिंगची भाषा 'कळते' म्हणजे काय, तर कुठला तुकडा स्ट्रिंग, कुठला कमेंट, कुठलं फंक्शनचं नाव, हे ओळखून तो रंगवतो. टेक्स्टमेटमध्ये हे ज्ञान एडिटरच्या पोटात पक्कं बसवलेलं नव्हतं. ते बाहेर होतं, साध्या मजकुराच्या फायलीत. रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायचं आणि ते जुळलं तर त्या तुकड्याला नाव द्यायचं. या नावाला तिथे 'स्कोप' म्हणतात. मग रंगांची थीम सांगणार, या नावाच्या तुकड्याला हिरवा दे. स्निपेट सांगणार, मी फक्त या नावाच्या तुकड्यातच चालेन. कमांडही तशाच. तुम्हाला येत असेल त्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहायची, एडिटर तिला निवडलेला मजकूर देणार, ती जे परत करेल ते त्या जागी ठेवणार. फाइलचं नाव, चालू ओळ वगैरे माहिती स्क्रिप्टला मिळायची ती टीएमने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलमधून. हे सगळं मिळून एक 'बंडल'.

इमॅक्सवाले आता हात वर करतील की आमच्याकडे हे सगळं आधीपासून होतं. होतं, मान्य. पण त्यासाठी लिस्प शिकावी लागायची. इथे दुपारी जेवण झाल्यावर बसलं तर संध्याकाळपर्यंत तुमच्या आडगावच्या भाषेचं बंडल तयार. लोकांनी ढिगाने बंडलं केली. आज जिकडेतिकडे दिसणारी मोनोकाय ही रंगसंगतीसुद्धा विमर हेझनबर्गने २००६मध्ये टेक्स्टमेटसाठीच केली होती. तुमच्यातले निम्मे लोक आत्ता तिच्यासमोर बसले असतील, पैज!

आता दुसरी बाजू. बाहेरून एवढं मोकळं असलेलं हे सॉफ्टवेअर आतून मात्र पाच महिन्यांत बांधलेलं होतं, आणि ते जाणवायचं. अनडू एकेका अक्षराने व्हायचं, म्हणजे चुकून एक परिच्छेद लिहिलात तर तो परत फिरवायला बोट दाबून बसा. चिनी-जपानी अक्षरं नीट दिसायची नाहीत, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी हे गृहीतच धरलेलं. खिडकीचे दोन भाग करून एकच फाइल दोन ठिकाणी बघता यायची नाही. मोठ्या प्रोजेक्टमध्ये शोधायला लावलं की चहा करून यावा. यातली बरीच दुखणी वरवरची नव्हती. मजकूर मेमरीत कसा ठेवायचा आणि पडद्यावर कसा काढायचा, या पायाशी ती जाऊन भिडत होती. म्हणून ओडगार्डने ठरवलं की पाया नव्याने घालायचा. टेक्स्टमेट २.

हा निर्णय चुकीचा होता असं म्हणणं सोपं आहे. जोएल स्पोल्स्कीने २००० सालीच नेटस्केपचं उदाहरण देऊन लिहून ठेवलं होतं की चालतं कोड टाकून पहिल्यापासून लिहायला घेणं ही सर्वात मोठी घोडचूक. त्याच्याही आधी, १९७५मध्ये, फ्रेड ब्रुक्सने 'सेकंड सिस्टिम'चा धोका सांगितला होता. पहिल्या वेळी हात आखडून सोडून दिलेलं सगळं माणूस दुसऱ्या वेळी कोंबायला जातो. हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि तरी करतो. मला स्वतःला वाटतं की ओडगार्डची निदान गरज खरी होती. एकेका अक्षराचं अनडू आणि एकाच रुंदीचं गृहीतक वरून ठिगळ लावून जात नाही.

चूक झाली असेल तर ती वेगळ्या ठिकाणी. नवीन पाया घालताना जुन्या घराचं काम जवळपास थांबलं. २००७पासून मूळ ॲपमध्ये फारसं काही बदललं नाही, १.५च्या पुढचे शेपटाचे आकडे तेवढे वाढत गेले. टेक्स्टमेट २ला ॲपलची लेपर्ड ही सिस्टिम लागणार, असं आधीच सांगून झालं होतं. लेपर्ड ऑक्टोबर २००७मध्ये आली. टेक्स्टमेट २ नाही आलं. शिवाय ज्यांनी १ विकत घेतलंय त्यांना २ फुकट, असाही शब्द दिलेला. दिलदारपणाच, दुसरं काय! पण याचा एक अर्थ असाही की वाट बघणाऱ्या प्रत्येकाचे पैसे आधीच गल्ल्यात जमा झालेले. अर्धवट का होईना, लवकर बाहेर काढ असं ढोसणारं पोटाचं कारण उरलं नाही. हा माझा तर्क आहे, पटला तर घ्या.

मग जून २००९मध्ये जाहीर झालं की टेक्स्टमेट २ साधारण ९० टक्के झालंय. शेवटी त्यात काय काय असणार हे मात्र गुलदस्त्यात.

नव्वद टक्के! हा आकडा ज्याने कधी स्टेटस कॉलमध्ये सांगितला नाही त्याने पहिला दगड मारावा.

मधल्या काळात वापरणारे हातावर हात धरून बसले नव्हते. प्रोजेक्टमध्ये शोध हळू चालतो म्हणून कोणीतरी ॲकमेट नावाचं प्लगइन लिहिलं. बाजूला बाहेर येणारा फायलींचा ड्रॉवर आवडत नाही म्हणून दुसऱ्या कोणी तो खिडकीच्या आत बसवायचं प्लगइन केलं. बंडलं तर वाढतच होती. म्हणजे घरमालक नव्या बंगल्याच्या कामावर, आणि भाडेकरू स्वतःच जुन्या घराची गळती काढतायत, असं चित्र.

तिकडे सिडनीत जॉन स्किनर, हाही जवळजवळ एकटाच, सबलाइम टेक्स्ट लिहीत होता. पहिलं व्हर्जन जानेवारी २००८मध्ये, तेही फक्त विंडोजसाठी. त्यामुळे मॅकवाल्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. २०११मध्ये सबलाइम टेक्स्ट २ची अल्फा आली, आणि ती मॅकवर चालत होती. वेगवान, आणि एकाच वेळी अनेक कर्सर. पण खरी गंमत पुढे आहे. टेक्स्टमेटच्या थीम आणि भाषांच्या व्याकरण-फायली त्यात जशाच्या तशा चालायच्या. मोनोकाय तर त्याची ठरलेली थीमच होती. वर्षानुवर्षं जमवलेलं सामान टेम्पोत भरा आणि चला. भांडी नवीन घ्यायला नकोत, पडदे नवीन शिवायला नकोत.

लोकांचं टेक्स्टमेटवर प्रेम होतं ते त्या बंडलांमुळे, आणि जाणं इतकं सोपं झालं तेही त्या बंडलांमुळेच. ओडगार्डने ती बंद पेटीत ठेवली असती तर कदाचित लोक आणखी दोन वर्षं थांबले असते. पण तशी बंद असती तर मुळात आलेच नसते.

जून २०११मध्ये 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' हा गेम बाजारात आला. १९९७मध्ये जाहीर झालेला, चौदा वर्षं रखडलेला, उशीर या शब्दाला समानार्थी झालेला. तो आला तरी टेक्स्टमेट २ बाकी होतं! शेवटी डिसेंबर २०११मध्ये सगळ्यांसाठी अल्फा आली. तीत ड्रॉवर जाऊन नवा फाइल ब्राउझर आला होता, आणि प्रत्येक फोल्डरला वेगळी सेटिंग देणारी छोटी फाइल ठेवता येत होती. चांगलं काम होतं हो. पण सहा वर्षं थांबलेल्या माणसाला चांगलं पुरत नाही, त्याला चमत्कार हवा असतो.

ऑगस्ट २०१२मध्ये ओडगार्डने सगळा सोर्स कोड जीपीएल ३ लायसन्सखाली गिटहबवर टाकला. ॲपल स्वतःच्या ॲप स्टोअरमधून सॉफ्टवेअरवर जी बंधनं घालत होती, त्याला हे उत्तर होतं. कित्येकांनी मात्र वाचलं ते असं की गडी सोडून चालला. तो सोडून गेला नव्हता. डिसेंबर २०१६मध्ये रिलीज कँडिडेट आला आणि सप्टेंबर २०१९मध्ये टेक्स्टमेट २.० अधिकृतपणे बाहेर पडलं. पहिलं व्हर्जन पाच महिन्यांत. दुसऱ्याचे शेवटचे दहा टक्के, दहा वर्षांत.

तोवर बाजार कुठल्या कुठे गेला होता. सबलाइमसुद्धा त्याच खड्ड्यात पाय घालून आलं होतं. तिसऱ्या व्हर्जनची बीटा जानेवारी २०१३ला, पक्कं व्हर्जन सप्टेंबर २०१७ला. गिटहबने २०१४मध्ये ॲटम आणलं, ते डिसेंबर २०२२मध्ये बंदही झालं. आणि एप्रिल २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड दाखवलं, जे दर महिन्याला थोडं थोडं बाहेर पडायची शिस्त लावून घेऊन बसलं. या दोघांनीही भाषा रंगवायला टेक्स्टमेटच्या व्याकरणाचाच ढाचा घेतला. व्हीएस कोडने स्निपेटमधली टीएमवाली नावंही बदलली नाहीत.

आता, हे डोक्यात का बसलं ते. आमच्या कंपनीत रिपोर्ट काढायचं एक जुनं टूल आहे. ऑपरेशन्सची चाळीसेक माणसं ते रोज वापरतात आणि रोज शिव्या घालतात. मी आणि आणखी एक जण गेले अकरा महिने ते नव्याने लिहितोय. जुन्यात कोणी बग सांगितला की आमचं ठरलेलं उत्तर, "नवीनमध्ये होईल." मार्चमध्ये मी कॉलवर सांगितलं, नव्वद टक्के झालंय. परवाही तेच सांगितलं. आधी ऑपरेशन्सच्या एक मॅडम दर सोमवारी विचारायच्या, "काय, आलं का तुमचं?" गेल्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी विचारलेलं नाही. मला वाटलं होतं की बरं झालं, कटकट गेली. त्या सीनियरचं वाक्य ऐकल्यावर तसं वाटेनासं झालं. खाली जाऊन पाहिलं तर त्यांनी स्वतःची एक भलीमोठी एक्सेल शीट बनवलीये, मॅक्रोबिक्रो टाकून, आणि निम्मा विभाग तीच वापरतोय. शीट चांगली आहे, हे कबूल करायला जड जातं.

नवीन टूलमधले बारापैकी चार रिपोर्ट आज चालतात. बाकीचे आठ नाहीत. ते चार बुधवारी उघडून देतो असा मेल आत्ताच मॅडमना टाकलाय, आणि तुमची शीट मला द्याल का, असंही विचारलंय. रविवारी रात्री मेल पाठवल्याबद्दल त्या काय म्हणतील ते उद्या कळेल. :-)