पेंटियमची धाकटी पाती

2022 साली वेदांता-फॉक्सकॉनच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाने तळेगाव सोडून गुजरातची वाट धरली आणि मावळात चिपची चर्चा रंगली. पुणे जिल्ह्याचं चिपशी नातं मात्र जुनं आहे. इंटेलच्या 1993च्या पहिल्या पेंटियम चिपची धुरा वाहणारे विनोद धाम पुण्यात जन्मले. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानातल्या बिलांसाठी किंवा कॉलेजच्या पोरांसाठी घेतल्या जाणाऱ्या स्वस्त लॅपटॉपची कुळकथा त्याच पेंटियमपाशी सुरू होते.

तो पेंटियम एका दमात दोन सूचना उरकायचा, पण लिहिलेल्या क्रमानेच. मेमरीतून एखादा आकडा यायला उशीर झाला, की मागची सगळी रांग खोळंबायची. 1995च्या पेंटियम प्रोने अडलेलं काम बाजूला ठेवून पुढचं उरकण्याची यंत्रणा आणली. वेग वाढला, पण ही यंत्रणा वीज खाणारी होती. इंटेलच्याच 2008च्या ॲटम चिपने ती काढून टाकली आणि पुन्हा क्रमाने दोन-दोन सूचना घेणं पत्करलं. 66 मेगाहर्ट्झच्या पेंटियमला 16 वॅट लागत, 1.6 गिगाहर्ट्झच्या ॲटम एन270ला अडीच.

म्हणून ‘ॲटम म्हणजे जुनाच पेंटियम, बारीक केलेला’ असं सर्रास म्हटलं जातं. ते चूक आहे. जुना पेंटियम खरोखर उचलला तो इंटेलच्या लॅराबी प्रकल्पाने. ॲटम इंटेलच्या ऑस्टिनमधल्या चमूने कोऱ्या कागदावर आखला. एक काम थांबलं की दुसऱ्याला हात घालण्याची हायपर-थ्रेडिंगची युक्तीही त्यात पेंटियम 4कडून आली. तेव्हा नातं रक्ताचं नव्हे, दत्तकाचं. पण घराण्याची रीत चालवली ती या दत्तकानेच.

दुसरा दावा तगडा आहे: कमी विजेच्या लॅपटॉपचा मूळपुरुष 2003चा, इस्रायलमधल्या हैफात घडलेला पेंटियम एम. त्याची थोरवी निर्विवाद, पण त्याचा वंश पेंटियम 3कडून ‘कोअर’ मालिकेकडे जातो. ती थोरली पाती. स्वस्त ‘एन’ मालिका ॲटमची.

या धाकट्या पातीची खरी परीक्षा व्हिडिओने घेतली. एन270सोबतचा 945 चिपसेट प्रोसेसरपेक्षा जास्त वीज घ्यायचा आणि तरी एच.264 प्रकारचा दाबलेला व्हिडिओ उलगडणारं सर्किट त्यात नव्हतं. एचडी सिनेमा अडखळायचा. इलाज निघाला तो चित्र उलगडण्यासाठीच बनवलेल्या वेगळ्या सर्किटाचा.

2013च्या सिल्व्हरमाँट या ॲटमच्या नव्या रचनेने क्रम मोडणारी यंत्रणा परत आणली. 1993चा वारसा तिथे संपला, हे मान्य करायलाच हवं. नाव मात्र पुढेही काही वर्षं राहिलं. 2017पासून ॲटमच्या वंशाला पेंटियम सिल्व्हर आणि कोअरच्या वंशाला पेंटियम गोल्ड म्हणू लागले. दुकानात शेजारी मांडलेल्या दोन लॅपटॉपांचं आडनाव एक असायचं, घराणी वेगळी!

आजच्या खरेदीत धाकट्या पातीतलेच सेलेरॉन एन4020 आणि 2023चा एन100 दोन्ही सहा वॅटचे. पहिल्यात प्रोसेसरचे दोन गाभे (कोअर), दुसऱ्यात चार. एचईव्हीसी आणि व्हीपी9 हे व्हिडिओचे प्रकार दोघांनाही जमतात. एव्ही1 हा प्रकार उलगडणारं सर्किट फक्त एन100मध्ये आहे. ते नसलं की तेच काम या गाभ्यांवर पडतं आणि पावसात लाइट गेल्यावर बॅटरी भराभर उतरते. बिलं, ईमेल आणि टायपिंगपुरता एसएसडी असलेला एन4020 चालेल. रोज व्हिडिओ पाहणाऱ्याने एन100च मागावा.