घरच्यांनाच आजार मान्य नसेल तेव्हा

ताप चढला की घरातील सारी माणसे धावपळ करतात. परंतु झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, कशातच मन रमेनासे झाले, तर त्याच घरात वेगळे बोल ऐकू येतात : ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’, ‘कामात गुंतव स्वतःला’, ‘प्रार्थना कमी पडते तुझी’. अशा बोलण्याने आजार जात नाही. आजारी माणूस मात्र बोलायचे थांबवतो.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला मानसिक आजार असल्याचे आढळले. निरनिराळ्या आजारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के होते. म्हणजेच हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामातील अनेक घरांचा आहे.

कुटुंबीय का नाकारतात?

नाकारण्यामागे नेहमीच निष्ठुरपणा नसतो. पुष्कळदा ती भीती असते. ‘लोक काय म्हणतील’, ‘धाकट्या बहिणीची सोयरीक कशी जुळेल’, ‘आमच्या संगोपनात काय उणे राहिले’ हे प्रश्न आईवडिलांना छळत असतात. हाडाची मोड एक्स-रेमध्ये दिसते, नैराश्य दिसत नाही. शिवाय रुग्ण एखाद्या दिवशी हसतो, पाहुण्यांशी बोलतो, तेव्हा ‘पाहा, काही झालेले नाही’ असे घरच्यांना वाटते. मानसिक आजारात चढउतार असतातच, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

‘लग्न लावून द्या, सारे ठीक होईल’ हा सल्ला तर घातकच होय. विवाह हा उपचार नव्हे. विवाहाची संमती मिळवण्यासाठी सहजीवन गंभीरपणे विस्कळीत करू शकणारी बाब कपटाने लपवली, तर तो विवाह अवैध ठरतो, असे 1983 च्या कॅनन कायद्यातील कलम 1098 सांगते.

श्रद्धा आणि औषध

आजार म्हणजे पापाची शिक्षा, ही समजूत प्रभू येशूने जन्मांध माणसाच्या प्रसंगी स्पष्टपणे नाकारली (योहान 9). सिराखच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय वैद्याचा मान राखावयास शिकवतो आणि औषधे ही परमेश्वराचीच देणगी असल्याचे सांगतो. जीव नकोसा झालेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी खाऊपिऊ घातले, झोपू दिले; बोल लावला नाही (1 राजे 19).

ख्रिस्तसभेची भूमिकाही हीच आहे. 2006 सालचा जागतिक रुग्णदिन मानसिक रुग्णांसाठी समर्पित होता. पोप फ्रान्सिस यांनी आपण वयाच्या 42 व्या वर्षी काही महिने एका मनोविश्लेषक महिलेची मदत घेतल्याचे 2017 साली प्रकट केले. प्रार्थना रुग्णाला बळ देते. ती गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या सोबत असावी.

घरच्यांशी बोलताना

* सर्वांना एकाच वेळी पटवण्याचा प्रयत्न करू नये. मावशी, मोठा भाऊ, आजोबा अशा ऐकून घेणाऱ्या एका व्यक्तीपासून आरंभ करावा.
* आजाराच्या नावावरून वाद घालण्याऐवजी दिसणाऱ्या गोष्टी सांगाव्यात : ‘तीन आठवडे मला दोन तासांपेक्षा अधिक झोप लागलेली नाही.’
* मागणी लहान आणि नेमकी असावी : ‘शनिवारी माझ्यासोबत डॉक्टरांकडे चला.’ जी गोष्ट मुलांकडून पटत नाही, ती डॉक्टरांच्या तोंडून पुष्कळदा पटते.
* घरचे धर्मगुरूंचा शब्द मानत असतील, तर त्यांना मध्यस्थीची विनंती करावी.
* नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. ‘सवय लागेल’ या भीतीपोटी कोणी गोळ्या बंद करावयास सांगितल्या, तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या थांबवू नयेत.

कोणीच ऐकत नसेल तर

घरच्यांची संमती मिळेपर्यंत उपचार लांबवू नयेत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. प्रौढ व्यक्ती स्वतः उपचार घेऊ शकते, तिची माहिती गोपनीय ठेवली जाते आणि आपला प्रतिनिधी म्हणून ती नातलगाऐवजी विश्वासातील अन्य प्रौढ व्यक्तीची नेमणूक करू शकते.

ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते.

धोक्याची वेळ

‘मी नसलेलाच बरा’ असे कोणी म्हणाले, तर ते नाटक समजू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, औषधे, कीटकनाशके व दोर तिच्या हाती लागू देऊ नयेत आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. आत्महत्येविषयी सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मन मोकळे होते. ज्या घरात असा मृत्यू घडला असेल, त्यांनी हेही जाणावे की गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते, अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद 2282-2283) नमूद आहे.

घरच्यांचे मत बदलावयास कधी वर्षेही लागतात. तोवर रुग्णाला विश्वासाने बोलता येईल असे एक तरी माणूस मिळावे. ते माणूस शेजारी, मित्र किंवा आपल्याच धर्मग्रामातील कोणी असू शकते.