शाई, शिसपेन्सिल आणि खिशातील टिपणवही

लेखनसाधनांच्या नावांत त्यांचा इतिहास पुष्कळदा साठून राहिलेला असतो. ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’, म्हणजे काळेपणा, यावरून आला. संस्कृत ‘मषी’ या शब्दाचाही एक अर्थ काजळी असाच आहे. तेव्हा ‘निळी शाई’ हा प्रयोग व्युत्पत्तीच्या दृष्टीने वदतोव्याघात होय. तथापि या विसंगतीमागे केवळ शब्दाचे नव्हे, तर द्रव्याचेही स्थित्यंतर आहे.

पेशवेकालीन मोडी कागद बोरूने, काजळी व डिंक यांच्या शाईने लिहिले जात. ओलाव्याने डिंक सुटून अक्षर फिसकटू शकते. परंतु काजळी हा कार्बन असल्याने तिचा काळेपणा उजेडाने वा काळाने विटत नाही. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमन याने फाउंटन पेनाचे पेटंट घेतले. त्याच्या बारीक नाळीतून काजळीचे कण वाहू शकत नाहीत. ते साचून पेन अडते. त्यामुळे पाण्यात पूर्णपणे विरघळणाऱ्या रंगांच्या शाया प्रचारात आल्या. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड व गोळ्या करण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे ‘कॅम्लिन’ हा उद्योग उभा राहिला. शाई आता घरोघरी पाण्यात कालवता येऊ लागली. मात्र जे पाण्यात सहज विरघळते, ते पाण्याने सहज जातेही. लोहयुक्त निळी-काळी शाई तेवढी याला बऱ्याच अंशी अपवाद होती.

‘शिसपेन्सिल’ हे नावही असेच फसवे आहे. तीत शिसे नसते. १७७९ साली शेले याने दाखविल्याप्रमाणे ते द्रव्य कार्बनचाच एक प्रकार, म्हणजे ग्रॅफाइट होय. अर्थात द्रव्याच्या दृष्टीने जुन्या मषीची खरी वारस फाउंटन पेनची शाई नसून पेन्सिल आहे. लोकव्यवहाराने मात्र उलट ठरविले: पेन्सिलीचे ते कच्चे, शाईचे ते पक्के.

या समजुतीचा भुर्दंड प्रस्तुत लेखकास आरे कॉलनीत सोसावा लागला. १९४९ साली गोरेगावनजीक दुग्धवसाहत म्हणून स्थापन झालेल्या या परिसरात वारली समाजाचे पाडे त्याआधीपासूनचे आहेत. सुमारे वीस वर्षांपूर्वी, संशोधक विद्यार्थी असताना, तेथील एका वृद्ध बाईंकडून पावसाळी रानभाज्यांची व गवतांची नावे मी टिपून घेतली. शब्द पक्के राहावेत म्हणून ते फाउंटन पेनने लिहिले. ऱ्हस्व-दीर्घ व आघात यांच्या खुणा, पुढे दुरुस्त करता याव्यात म्हणून, पेन्सिलीने केल्या. मरोळच्या बाजूने पायी परतताना पावसाने गाठले आणि खिशातील टिपणवही भिजली. घरी येऊन उघडून पाहतो तो शब्दांच्या जागी निळे डाग उरलेले. वरच्या खुणा मात्र जशाच्या तशा होत्या. कोठला स्वर दीर्घ, हे कळत होते. शब्द कोणता, हे कळत नव्हते.

पुढील आठवड्यात पुन्हा गेलो. “मास्तर, तेवढ्यात विसरलास होय?” असे हसून म्हणत आजींनी सारे परत सांगितले. परंतु पहिल्या खेपेस जी रूपे आपसूक आली होती, ती आता माझ्या प्रमाण मराठीकडे झुकलेली होती. आजी मला समजावे म्हणून बोलत होत्या. नावे मिळाली, त्यांचा पहिला उच्चार मिळाला नाही, आणि तो पुन्हा मिळण्यासारखाही नव्हता.

येथे दोष शाई करणाराचा नव्हे; धुतली जाणारी शाई धुतली गेली, इतकेच. दोष ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ या शब्दांवर विसंबण्याचा होता. विसाव्या शतकातील हस्तलिखिते अभ्यासताना लिपी व भाषा यांच्या आधी शाईचे द्रव्य पाहणे म्हणूनच इष्ट ठरते. आज ध्वनिमुद्रणाची साधने हाताशी असली, तरी टिपणवही सुटलेली नाही. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने लिहावे, आणि त्याच संध्याकाळी, आजींचा आवाज कानात आहे तोवर, टिकाऊ शाईने त्याची नक्कल करावी.