नाळ कापणारे हात कुणाचे होते?

गेल्या काही वर्षांत 'नैसर्गिक बाळंतपण' हा शब्द आपल्या तरुणांच्याही कानावर पडू लागला आहे. दवाखाना नको, कळा कमी करणारे इंजेक्शन नको, घरीच सुईणीच्या हाताने मूल जन्माला यावे, असे सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. 'आपल्या आज्या घरीच बाळंत होत होत्या ना?' हे त्यातले ठरलेले वाक्य. जळगाव आणि धुळ्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना पहिल्या खेपेच्या मुली आम्हालाही हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी आम्हाला एक उलटा प्रश्न विचारावासा वाटतो. आज्या घरी बाळंत होत होत्या हे खरे, पण त्यांची नाळ कापणारे हात कुणाचे होते?

महाराष्ट्राच्या अनेक भागांत सुईणपण हे मातंग आणि महार स्त्रियांच्या वाट्याला आले. काही गावांत न्हावी समाजातील स्त्रियाही हे काम करीत. हा योगायोग नव्हता. बाळंतपण म्हणजे रक्त, वार, सोयर आणि विटाळ. ब्राह्मणी व्यवस्थेने जे जे अपवित्र ठरवले, ते ते काम अस्पृश्यांवर ढकलले. मेलेले ढोर ओढायला पुरुष आणि जन्मणाऱ्या मुलाची नाळ कापायला बाई, अशी ही वाटणी होती. जीवनाच्या दोन्ही टोकांना आपली माणसे उभी होती आणि मधल्या साऱ्या जीवनात त्यांची सावलीही चालत नव्हती.

धुळे तालुक्यातील एका गावात आम्हाला ऐंशीच्या पुढच्या एक मातंग आजी भेटल्या. सासूकडून शिकलेले हे काम त्यांनी चाळीस वर्षे केले. कळा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री मोठ्या वाड्यावरून बोलावणे यायचे. मागच्या दाराने आत घ्यायचे. पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की खाली डोके आहे हे त्या सांगायच्या. घाई करायच्या नाहीत. बाईला चालवायच्या, उकिडवे बसवायच्या, धरायला वरून दोर बांधून द्यायच्या, कमरेला तेल लावायच्या. मूल रडले नाही तर नाळ न कापता वार शेकायच्या. सगळे सुखरूप झाले की दोन पायल्या दादर, एक नारळ, कधी जुने लुगडे मिळायचे. मग त्या ज्या जागी बसल्या होत्या ती जागा शेणाने सारवली जायची. मूल होईपर्यंत आपण देव होतो आणि मूल झाल्यावर विटाळ, असे आजी अहिराणीत सांगतात आणि हसतात. त्या हसण्यापुढे आम्हाला काय बोलावे ते सुचले नाही.

हे ज्ञान कमी दर्जाचे होते का? जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली प्रसूतीविषयी शिफारसी प्रसिद्ध केल्या. प्रसूतीच्या वेळी सोबतीला आपले माणूस असावे, बाईने चालावे-फिरावे, तिला हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ द्यावे, विनाकारण घाई करू नये, असे त्यांत म्हटले आहे. आजी हेच करीत होत्या. फरक इतकाच की जीनिव्हातून आले की ते विज्ञान होते आणि मांगवाड्यातून आले की अडाणीपणा.

पण साथींनो, येथेच थांबलो तर आपण अर्धसत्य सांगू. ज्या हातांनी वाड्यावरची बाळंतपणे केली, त्या हातांच्या स्वतःच्या लेकी-सुनांचे काय होत होते? 1855 साली सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असा सवाल त्या मुलीने त्यात केला आहे. शंभरेक वर्षांनंतरचे चित्र बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये दिसते. कोवळ्या वयातील बाळंतपण, पोटात अन्न नाही, जखमांवर औषध नाही, आणि सुईणींनी आपल्या समजुतीप्रमाणे केलेले उपाय सोसता सोसता मरणाऱ्या बाया. बेबीताईंनी हे गौरवाने लिहिलेले नाही, रागाने लिहिले आहे.

1946 च्या भोर समितीच्या अहवालात बाळंतपणाशी निगडित कारणांनी देशात दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया मरतात, असा अंदाज दिला आहे. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन मुले दगावत. लोक त्याला सटवीचा कोप म्हणत. तो कोप नव्हता, जंतू होते. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे भारताला 2015 साली सांगता आले, ते लसीमुळे, स्वच्छ पात्यामुळे आणि दवाखान्यामुळे. 2018-20 या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण 33 होते. म्हणून 'जुने ते सोने' हे आपले घोषवाक्य होऊ शकत नाही. आपल्यासाठी जुने ते विटाळाचे होते.

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? चार अपत्ये गमावलेला तो बाप होता. 1926 साली राजरत्न गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 28 जुलै 1928 रोजी, मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. 1929 साली तो कायदा झाला. 10 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात मांडला. ठराव फेटाळला गेला, पण भूमिका नोंदली गेली. बाळंतपण ही बाईच्या नशिबाची किंवा देवाची गोष्ट नाही, ती तिच्या शरीराची, तिच्या कामाची आणि राज्याच्या जबाबदारीची गोष्ट आहे, ही ती भूमिका. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर 31 जुलैला आपण बाबासाहेबांच्या 1937 च्या मुक्कामाच्या आठवणीत हजारोंनी जमतो. तेथे एखादे वर्ष 1928 च्या या भाषणावरही बोलायला हवे.

विटाळाच्या कामाला नकार देण्याचाही आपला इतिहास आहे. उत्तर प्रदेशात 1950 नंतर 'नारा-मवेशी' आंदोलन झाले. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे गुरे. नाळ कापणार नाही आणि मेलेली गुरे ओढणार नाही, असे दलितांनी ठरवले आणि त्यासाठी मार खाल्ला. कौशल्याला नव्हे, त्या कौशल्याला चिकटवलेल्या गुलामीला तो नकार होता. अमेरिकेच्या दक्षिणेतही असेच घडले. तेथे पिढ्यानपिढ्या कृष्णवर्णीय सुईणींनी काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही घरांतली बाळंतपणे केली. पुढे डॉक्टरांनी आणि सरकारांनी त्यांना अडाणी, घाणेरड्या ठरवले. अलाबामा राज्याने 1976 साली त्यांचा मार्ग कायद्यानेच बंद केला. सुईणी गेल्या, तरी आजही अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू गोऱ्या मातांच्या सुमारे तिप्पट आहेत. म्हणजे नुसता दवाखाना आला की भेदभाव जातो, असेही नाही.

आपल्याकडेही तेच पाहतो. 2005 साली जननी सुरक्षा योजना आणि आशा ताई आल्या. महाराष्ट्रात आज सुमारे 95 टक्के प्रसूती दवाखान्यात होतात. ही मोठी गोष्ट आहे. पण त्या बदलात सुईण कुठे गेली? काहींना सरकारने प्रशिक्षण दिले, हातात साबण-पात्याची पेटी दिली आणि नंतर विसरून गेले. धुळ्याच्या त्या आजींना ना पेन्शन, ना एखादा कागद. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील खासगी दवाखान्यांत 47 टक्क्यांहून जास्त प्रसूती सिझेरियनने होतात, तर सरकारी दवाखान्यांत सुमारे 14 टक्के. बाईचे शरीर तेच, मग पोट कापण्याची गरज दारावरच्या पाटीप्रमाणे कशी बदलते? जळगावच्या एका वस्तीतील मुलीने आम्हाला सांगितले की प्रसूतीकक्षात तिला कळांपेक्षा शिव्यांचा त्रास जास्त झाला. 'तुम्हा लोकांना पोरं काढायला काय होतं' हे वाक्य तिला मूल होताना ऐकावे लागले. अशा मुलीला घरचे बाळंतपण आपलेसे वाटले, तर दोष तिचा नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या घराखाली गाडी उभी आहे आणि दहा मिनिटांवर शस्त्रक्रियेची सोय आहे, तेथे घरचे बाळंतपण ही 'निवड' असू शकते. शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुड्यातील पाड्यावरून बाईला झोळीत घालून खाली आणावे लागते, तेथे ती निवड नसते. तेथे ते राज्याचे अपयश असते. आपल्या आणि आदिवासी समाजात रक्तक्षय आहे, सिकलसेल आहे. रक्तस्राव सुरू झाला की सुईणीचा अनुभव रक्ताची पिशवी देऊ शकत नाही. आपल्या मुलींना आम्ही सांगतो की तपासण्या चुकवू नका, दवाखान्याच्या आवाक्याबाहेर बाळंत होऊ नका. आणि दवाखान्याला सांगतो की आमच्या मुलीला माणसासारखे वागवा.

मग सुईण हवी की नको? हवी. पण शिकलेली, नोंदणी झालेली, पगार घेणारी, समोरच्या दाराने आत येणारी. केंद्र सरकारने 2018 साली मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत परिचारिकांना 18 महिन्यांचे खास प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. धोका नसलेली बाळंतपणे अशा सुईणीने सांभाळावीत आणि गरज पडताच डॉक्टरांकडे सोपवावीत, हा त्यामागचा विचार आहे. जळगावला 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे. या दोन्ही ठिकाणी आणि ग्रामीण रुग्णालयांत अशा सुईणींची पदे किती, भरली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारणे आपल्या तरुणांना सहज शक्य आहे. त्यासोबत तीन मागण्या कराव्यात. प्रसूतीकक्षात बाईसोबत तिचे माणूस असू द्यावे, प्रत्येक दवाखान्याने सिझेरियनचे प्रमाण दारावर लावावे, आणि हयात असलेल्या जुन्या सुईणींना मानधन द्यावे.

पुढच्या वेळी कुणी 'आपल्या आज्या घरीच बाळंत होत होत्या' असे म्हणाले, तर त्यांना आपल्या आजीबद्दल जरूर सांगा. तिच्या हातात कला होती हे सांगा, आणि ती गेल्यावर जागा सारवली जात होती हेही सांगा. त्या हातांना परत मागच्या दाराशी उभे करायचे नाही. त्यांच्या नातींनी पांढरा कोट घालून समोरच्या दाराने आत यायचे आहे.

जय भीम!